एव्हरेस्टचे दिवे

जगातल्या सर्वांत उंच शिखराचे नाव विचारले तर तिसरी-चौथीतले पोरही क्षणात सांगेल. पण ज्याच्या नावाने ते शिखर ओळखले जाते तो जॉर्ज एव्हरेस्ट कोण होता, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. कोणी म्हणते तो गिर्यारोहक असावा, कोणी म्हणते त्याने ते शिखर शोधून काढले असावे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. या माणसाचे उमेदीचे आयुष्य हिमालयाच्या बर्फात गेलेच नाही. ते गेले हैदराबादच्या रानात, आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, माळव्यात आणि गंगा-यमुनेच्या सपाट मुलुखात. तिथे त्याचे मुख्य काम एकच होते : या टेकडीवर उभे राहून त्या टेकडीवरची खूण दिसते की नाही, हे पाहणे.

एवढ्याशा कामात आयुष्य घालवण्याजोगे काय असते, असे वाटेल. पण खानदेशातल्या माणसाला ते समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपल्या पाचोऱ्याच्या दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. भाद्रपदात चार दिवस झड लागून एकदम उघडीप पडली, की ते डोंगर इतके जवळ येतात की वाटावे, हात लांबवला तर झाडाला लागेल. तेच डोंगर मे महिन्यात कुठे जातात? धुरळ्याचा एक मळकट पडदा तेवढा उरतो. डोंगर तिथेच असतो, आपले डोळेही तेच असतात. बदललेली असते ती मधली हवा. या मधल्या हवेशी एव्हरेस्ट पंचवीस वर्षे झगडला. त्या झगड्यात त्याने स्वतःची तब्येत घालवली, आणि त्याच्या हाताखालच्या कित्येक गरीब माणसांनी प्राण घालवले.

मनोऱ्यांची तार

जॉर्ज एव्हरेस्टचा जन्म ४ जुलै १७९० चा. सोळाव्या वर्षी, म्हणजे १८०६ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात भरती होऊन बंगालमध्ये उतरला. गणित त्याचे पहिल्यापासून चांगले. १८१४ ते १८१६ ही दोन वर्षे त्याने जावा बेटाच्या मोजणीत काढली. परत आल्यावर त्याच्याकडे एक निराळेच काम आले. कलकत्त्यापासून बनारसकडे मनोऱ्यांची एक रांग उभी करायची होती.

विजेची तार अजून यायची होती. त्या काळी दूरचा निरोप लवकर पोचवण्याची एक फ्रेंच युक्ती युरोपात गाजत होती. १७९४ मध्ये पॅरिसपासून लीलपर्यंत अशी पहिली रांग सुरू झाली. काही मैलांच्या अंतराने उंच मनोरे बांधायचे, प्रत्येकावर दुर्बीण घेतलेला माणूस बसवायचा. पहिल्या मनोऱ्यावर ठरावीक खूण केली की दुसऱ्याने ती पाहून तशीच करायची, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. अशा रीतीने निरोप घोडेस्वाराच्या कितीतरी आधी मुक्कामी पोचे. बंगालमध्ये यातले काही मनोरे आजही पडक्या अवस्थेत उभे आहेत.

या सगळ्या व्यवस्थेत एकच मेख होती. पन्नास मनोऱ्यांपैकी एकोणपन्नास स्वच्छ दिसत असले आणि एकाच्या पुढ्यात धुके उतरले, की निरोप तिथेच बसून राहणार. हिवाळ्यातल्या सकाळी धुके, उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात सरी. कंपनीने पुढे ही रांग सोडून दिली. १८५० नंतर तांब्या-लोखंडाच्या तारेतून वीज धावू लागली, तेव्हा निरोपाला हवेच्या मेहेरबानीची गरज उरली नाही. पण तरुण एव्हरेस्टला त्या मनोऱ्यांवर आपल्या जन्माचा विषय भेटला होता. प्रकाशाने पाठवलेला निरोप हा जितका पाठवणाऱ्याचा, तितकाच मधल्या हवेचाही असतो.

पावसाने धुतलेली हवा

त्याच सुमारास दक्षिणेत विल्यम लॅम्बटन नावाचा एक म्हातारा इंग्रज अधिकारी एक अचाट काम करीत होता. १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ साडेसात मैलांची एक सरळ रेघ साखळीने मोजली होती. शाळेत आपण शिकलो आहोत, की त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. लॅम्बटनने त्या एका रेघेवर पहिला त्रिकोण उभा केला, त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्याच्या बाजूवर तिसरा. अशी त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीकडून सरळ उत्तरेला न्यायची, आणि हिंदुस्थानच्या नकाशाबरोबरच पृथ्वीचा नेमका आकारही काढायचा, असा त्याचा बेत होता. कोन मोजायला अर्धा टन वजनाचे एक प्रचंड यंत्र होते. माणसे ते खांद्यावर घेऊन डोंगर चढत.

जमिनीवरचे अंतर पुन्हा मोजावे लागत नसे, हा या पद्धतीचा मोठा फायदा. त्रिकोणाची तिन्ही टोके एकमेकांना दिसलीच पाहिजेत, ही तिची अट. टोके म्हणजे टेकड्यांचे माथे, एकमेकांपासून वीस-तीस, कधी त्याहून जास्त मैल दूर. माथ्यावर झेंडा रोवलेला. तीस मैलांवरचा झेंडा दुर्बिणीतून दिसायचा तर हवा कशी हवी? नुकतीच पावसाने धुऊन काढलेली. म्हणून लॅम्बटनची माणसे सगळे जग घरात बसते तेव्हा, ऐन पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग, रानात शिरत. सरी थांबल्या, ढग फाटले, की मिळालेल्या घटकाभरात कोन मोजून घ्यायचा.

१८१८ मध्ये एव्हरेस्टची नेमणूक लॅम्बटनचा मुख्य सहायक म्हणून झाली आणि तो हैदराबादला रुजू झाला. १८१९ च्या पावसाळ्यात त्याला कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या रानात पाठवण्यात आले. सुरुवातच भांडणाने झाली. निजामाकडून मिळालेल्या पहारेकऱ्यांनी असल्या दिवसांत पुढे जाण्यास नकार दिला, तेव्हा एव्हरेस्टने बंदुकीचा धाक आणि फटके वापरून त्यांना पुढे काढले. तो तापट होता आणि हाताखालच्यांना शब्दाने सोलून काढण्यात पटाईत होता, हे त्याच्या चाहत्यांनीही लपवलेले नाही. नकार देणाऱ्यांना मात्र ते रान ठाऊक होते.

हवा अगदी हवी तशी होती. पावसाने झाडे, टेकड्या, क्षितिज सगळे लख्ख केले होते. आणि त्याच पावसाने रानात जागोजाग पाणी साठवले होते. गोदावरीच्या बाजूला पोचता पोचता ताप आला तो एकट्यादुकट्याला नव्हे, साऱ्या तांड्यालाच. एव्हरेस्ट स्वतः पडला, त्याचे मदतनीस पडले, दीडशेच्या आसपास माणसे अंथरुणाला खिळली. हैदराबादहून हत्ती, गाड्या, पालख्या पाठवून त्यांना परत आणावे लागले. वाटेत पंधरा जण दगावले. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच रानात गेला आणि पुन्हा आजारी पडला. शेवटी १८२० मध्ये त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जावे लागले.

रानातला हा ताप दूषित हवेमुळे येतो, असे तेव्हाचे डॉक्टर मानत. म्हणजे डोळ्यांना सर्वांत स्वच्छ दिसणारी हवा शरीराला सर्वांत घातक, असे ते कोडे होते. ते सुटायला ७५ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १८९७ मध्ये, त्याच हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. दोष हवेचा नव्हता, साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या डासाचा होता. एव्हरेस्टच्या माणसांना एवढेच ठाऊक होते, की झेंडा दिसण्याचे दिवस तेच मरण्याचे दिवस.

अंधारातला शोध

एव्हरेस्ट परतला तेव्हा लॅम्बटनने त्याला बिदरच्या बाजूने पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची एक फांदी न्यायला सांगितले. या काळात त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली : पावसाळ्यातले काम बंद करायचे. पण पाऊस सोडून कोरड्या दिवसांत काम करायचे म्हटले, तर दिवसा धुरळ्याने काही दिसत नाही. तापलेल्या जमिनीवर हवा थरथरते आणि दुर्बिणीतला झेंडा पाण्यातल्या काठीसारखा हलतो. मग उपाय काय? त्याचे उत्तर होते, रात्र.

रात्री झेंडा दिसणार नाही, पण दिवा दिसेल. मातीच्या भांड्यात तेल-राळेत भिजवलेली सरकी पेटवायची, वर भोक पाडलेले दुसरे भांडे उपडे घालून वाऱ्यापासून आडोसा करायचा, आणि प्रकाश नेमका यंत्राच्या दिशेने सोडायचा, अशी ती साधी सोय होती. कापूस पिकवणाऱ्या मुलुखात सरकीला काय तोटा! हा दिवा दूरच्या टेकडीवर जळत राहिला, की इकडे यंत्रावर बसलेल्या माणसाला काळ्या पडद्यावर एक स्वच्छ ठिपका मिळे.

यातूनच एक नवल ध्यानात आले. दिवसा जी टेकडी मधल्या उंचवट्याआड लपलेली असे, तिच्यावरचा दिवा रात्री कधीकधी दिसू लागे. टेकडी काही रात्रीत वाढत नाही. मग हे कसे?

कारण समजायला सोपे आहे. प्रकाश नेहमी सरळ जातो हे आपण शिकतो, पण ते हवा सगळीकडे सारखी असेल तेव्हाच खरे. थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. प्रकाशाचा किरण दाट हवेच्या बाजूला किंचित वाकतो. दुपारी जमीन तापून तिच्यालगतची हवा विरळ होते, त्यामुळे किरण वर उचलला जातो आणि दूरची वस्तू बुडाल्यासारखी दिसते. डांबरी रस्त्यावर उन्हात पाण्याचे डबके दिसते, ते मृगजळ याच जातीचे. रात्री जमीन निवते, तिच्यालगत थंड, दाट हवेचा थर बसतो, आणि आता किरण खाली, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वाकतो. उंचवट्याआडचा दिवा त्या वाकलेल्या किरणावर बसून आपल्यापर्यंत येतो. हवेचा जो दोष मोजणीदाराला सतावत होता, त्यालाच एव्हरेस्टने कामाला जुंपले.

हवेची ही करामत केवळ दिव्यापुरती नाही. रेडिओच्या लहरीही प्रकाशाच्याच कुळातल्या, आणि त्याही अशाच वाकतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर बसवलेल्या रडारवर, पावसाळ्यापूर्वीच्या गरम दिवसांत, हजार मैलांहून दूर असलेला अरबस्तानचा किनारा उमटे. रडारची पोच खरे तर क्षितिजाच्या आसपास संपायला हवी. पण समुद्रावर खाली दमट, गार हवा आणि वर जमिनीवरून आलेली कोरडी, तापलेली हवा असे थर बसले, की लहरी त्या दोहोंच्या बोळात सापडून पाण्याच्या पृष्ठभागालगत धावत सुटतात. सव्वाशे वर्षांपूर्वी एव्हरेस्टला दिव्यातून जे दिसले होते, तेच अरबी समुद्रावर नव्या वेषात पुन्हा दिसले.

हिंगणघाट ते मसुरी

एव्हरेस्ट पश्चिमेच्या कामावर असतानाच वाईट बातमी आली. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला वारला. वय सत्तरीच्या घरात, छातीचा विकार, आणि तरीही मुक्कामामागून मुक्काम चाललेला. त्याला तिथेच मूठमाती दिली. ती कबर आजही हिंगणघाटात आहे. वीस वर्षांहून अधिक काळ एकाच कामाला वाहून घेतलेल्या त्या म्हाताऱ्याची गादी बत्तीस वर्षांच्या एव्हरेस्टकडे आली.

वारसा सुखाचा नव्हता. आता साखळी वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून उत्तरेला न्यायची होती. अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, तिथे जवळच टाकळखेडा येथे ताऱ्यांचे वेध घेताना जुन्या तापाने उचल खाल्ली आणि एव्हरेस्टचे हातपाय जवळजवळ लुळे पडले. दोन माणसे त्याला उचलून यंत्राच्या आसनावर बसवत, वेध झाला की उचलून बाहेर काढत. मोजणीबरोबर असलेला डॉक्टर व्हॉयसी, दख्खनच्या दगडांचा पहिलावहिला अभ्यासक, १८२४ मध्ये तापानेच गेला. अशाही स्थितीत एव्हरेस्टने नर्मदा ओलांडून माळव्यातल्या सिरोंजपर्यंत काम नेले. मग १८२५ मध्ये तो इंग्लंडला परतला. आता तो परत येणार नाही, असेच बहुतेकांना वाटले असेल.

तो १८३० मध्ये परत आला, आणि मोजणीचा प्रमुख व हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल अशा दोन्ही जागा घेऊन आला. सामानात नवी यंत्रे होती. त्यात एक साधा दिसणारा गोल आरसाही होता. जर्मन गणिती गाऊस याने १८२१ च्या सुमारास ही युक्ती काढली होती. आरसा नेमका धरून सूर्याची तिरीप दूरच्या यंत्राकडे सोडायची. पन्नास-साठ मैलांवरूनही ती ताऱ्यासारखी चमके. दिवसा आरसा आणि रात्री दिवा, अशी आता दुहेरी व्यवस्था झाली. पुढे १८६९ मध्ये हेन्री मान्स याने कराचीत अशाच आरशाची उघडझाप करून तारेची भाषा बोलणारे यंत्र केले आणि लष्कराने ते पुष्कळ वर्षे वापरले.

आरशाला सूर्य लागतो, दिव्याला कोरडी रात्र लागते, आणि दोघांनाही मधली वाट मोकळी लागते. गंगा-यमुनेच्या सपाटीवर नेमके तेच नव्हते. चढायला टेकडी नाही, आंब्याच्या राया दाट, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी गावोगावच्या चुलींचा गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत चादरीसारखा पसरलेला. थंडीत गावाबाहेर उभे राहिले तर आपल्याकडेही तो धूर झाडांच्या कमरेला लोंबकळताना दिसतो. त्या चादरीच्या वर डोके काढण्यासाठी एव्हरेस्टने पन्नास-पन्नास फुटांचे पक्के मनोरे बांधले. ओळीत येणारी झाडे तोडली, काही ठिकाणी घरेही पाडली. मोबदला दिला तरी लोकांचा राग गेला नाही. उंचावरून दुर्बिणीने पाहणारा हा साहेब घरातल्या बायकामाणसांवर नजर ठेवतो की काय, अशीही कुजबुज होई. प्रकाशाला वाट करून देण्यासाठी कोणाची तरी आमराई गेली, हेही या कथेत नोंदवलेच पाहिजे.

याच काळात त्याला दोन मोलाची माणसे मिळाली. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन यंत्रांचे इतके जाणकार होते, की बिघडलेले विलायती यंत्र त्यांच्या हाती सुधारून मिळे. कलकत्त्याचे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये, विशीही न उलटलेल्या वयात, गणिती म्हणून रुजू झाले. कोणाचे चटकन कौतुक न करणारा एव्हरेस्ट सिकदारांच्या बाबतीत मात्र हात आखडत नसे, आणि त्यांची बदली होऊ नये म्हणून त्याने खटपट केली.

डेहराडूनजवळ साडेसात मैलांची नवी पायाभूत रेघ मोजून झाल्यावर परीक्षेची वेळ आली. सिरोंजपासून चारशे मैल त्रिकोणांच्या साखळीने येऊन गणिताने काढलेली त्या रेघेची लांबी, आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी, यांत जेमतेम ७ इंचांचा फरक निघाला. धूर, धूळ, धुके आणि वाकड्या किरणांतून वाट काढत आलेल्या हिशेबाची ही पावती होती. १८४१ मध्ये कन्याकुमारीपासून मसुरीच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २,४०० किलोमीटरची साखळी पुरी झाली. १८४३ मध्ये एव्हरेस्ट निवृत्त होऊन इंग्लंडला गेला.

शिखर क्रमांक पंधरा

त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉ याने हिमालयाच्या पायथ्याशी काम चालू ठेवले. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती. म्हणून १८४९-५० मध्ये जेम्स निकोल्सन नावाच्या अधिकाऱ्याने बिहारच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, एका शिखराचे कोन घेतले. कागदावर त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता : पंधरा. निकोल्सनलाही हिवतापाने गाठले आणि काम अर्धे टाकून जावे लागले.

शंभर मैलांवरच्या शिखराची उंची काढायची म्हणजे पुन्हा तोच वाकणारा किरण आडवा आला. खाली सपाटीवर दमट, उबदार हवा आणि वर बर्फाळ विरळ हवा. एवढ्या थरांतून येताना किरण किती वाकला, हे चुकले तर उंचीत शेकडो फुटांची चूक. सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे खरे कसब इथे लागले. दुपारी किरणाचा वाक सर्वांत कमी असतो, म्हणून उंचीसाठी दुपारचे वेध. आडव्या कोनांसाठी मात्र रात्रीचा स्थिर दिवा. हवेच्या प्रत्येक प्रहराचा स्वभाव ओळखून घेतलेली ही शिस्त होती, आणि ती एव्हरेस्टने घालून दिली होती. अनेक वेधांचे गणित जुळवून १८५६ मध्ये वॉ याने उंची जाहीर केली : २९,००२ फूट. २०२० मध्ये उपग्रहांच्या साहाय्याने नव्याने मोजलेली उंची आहे ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. धुरकट सपाटीवरून, दुर्बीण आणि लेखणीच्या जोरावर केलेल्या हिशेबात तीसच फुटांचा फरक!

वॉ याने त्या शिखराला आपल्या जुन्या साहेबाचे नाव सुचवले. खुद्द एव्हरेस्टला ते पटले नव्हते. हे नाव इथल्या लिप्यांत नीट लिहिता येणार नाही आणि इथल्या लोकांना नीट म्हणता येणार नाही, असा त्याचा आक्षेप होता. तो खराही ठरला. त्याच्या घराण्यात आडनावाचा उच्चार ईव्हरेस्ट असा होता. आज सारे जग ते निराळेच उच्चारते. तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा हे नाव आधीचे होते, तरी १८६५ मध्ये लंडनच्या भूगोल मंडळाने इंग्रजी नावावरच शिक्कामोर्तब केले. त्यानंतर वर्षभराने, १ डिसेंबर १८६६ रोजी, सर जॉर्ज एव्हरेस्टचे लंडनमध्ये निधन झाले.

आजची छत्री

हे सारे जुने झाले, असे म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही. मी नोकरीची शेवटची काही वर्षे एका बँकेच्या तालुक्याच्या शाखेत काढली. शाखेच्या गच्चीवर उपग्रहाकडे तोंड करून एक मोठी छत्री बसवलेली होती. सगळे व्यवहार तिच्यातून जात. जुलैत काळेभोर ढग भरून येऊन धो धो सर कोसळली, की काउंटरवरचा मुलगा मान वर करून सांगे की लिंक गेली. पेन्शनला आलेले म्हातारे, कापसाच्या चुकाऱ्याचा चेक घेऊन आलेले शेतकरी ओल्या अंगाने बाकांवर बसून राहत. इकडे आकाशाकडे बघून पुढच्या पिकाचा अंदाज बांधावा, तसा तिकडे लिंकचा अंदाज बांधावा लागे.

तो दोष यंत्राचा नव्हे, पावसाच्या थेंबाचा. घरच्या टीव्हीच्या छत्रीवर येणाऱ्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचा टपोरा थेंब काही मिलिमीटरचा. लहर इतकी आखूड असली की थेंब तिला काही शोषतात आणि काही इकडेतिकडे उधळून देतात. हजारो किलोमीटर पोकळीतून सुखरूप आलेला संदेश शेवटच्या तीन-चार किलोमीटरच्या पावसात गळपटतो, म्हणूनच ऐन मालिकेच्या वेळी पडदा गोठतो. उलट आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब. त्यांना पावसाचा थेंब जाणवतही नाही. विजा कडाडल्या तर खरखर होईल, पण कार्यक्रम बंद पडत नाही. धुक्याची तऱ्हा निराळी. त्याचे थेंब इतके बारीक की टीव्हीच्या लहरीला ते फारसे अडवत नाहीत, पण प्रकाशाला ते भिंतीसारखे. उघड्या हवेतून लेसरच्या झोताने निरोप पाठवण्याची आधुनिक साधने आहेत. दाट धुक्यात तीही काहीशे मीटरमध्ये आंधळी होतात. कलकत्ता-बनारस रांगेतल्या दुर्बीणवाल्याची जी गत, तीच त्यांची. शेवटी माणसाने प्रकाशाला काचेच्या केसाएवढ्या तंतूत बंद करून जमिनीखालून नेले, तेव्हा कुठे त्याची हवेच्या तावडीतून सुटका झाली.

पण तंतू सगळीकडे पोचत नाही, आणि विमानाला, जहाजाला, हातातल्या मोबाइलला तो जोडताही येत नाही. म्हणून आजही वायरलेस साखळी आखणारा इंजिनिअर आधी त्या भागातल्या पावसाचा जोर विचारतो, आणि किती पावसाला किती ताकद राखून ठेवायची याचा हिशेब मांडतो. हवेला दटावून उपयोग नाही, तिचा स्वभाव शिकून घ्यावा लागतो, हा धडा एव्हरेस्टने फार महाग किमतीत घेतला होता.

ती किंमत कोणी दिली हे मात्र विसरू नये. इकडे यंत्रापाशी साहेब बसे. तिकडे तीस-चाळीस मैलांवरच्या माथ्यावर दोन-तीन खलाशी असत. मोजणीतल्या या मजुरांना तेव्हापासून हेच नाव आहे. आठवडेच्या आठवडे ते तिथे राहत. खाली गाव दूर, पाणी खांद्यावरून वर आणायचे, रानात वाघ आणि अंगात ताप. रात्रभर सरकी घालत दिवा जागता ठेवायचा. पलीकडे आपला दिवा दिसतो आहे की मध्ये धुके आले आहे, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. दिसो न दिसो, तो विझू द्यायचा नाही, एवढेच त्यांचे काम. कोणत्या रात्री कोणत्या टेकडीवर दिवा पेटला, याच्या नोंदी मोजणीच्या दप्तरात आहेत. तो लावणाऱ्यांची नावे बहुतेक कुठेच नाहीत.

मसुरीजवळ एव्हरेस्टचे घर पर्यटकांना दाखवतात, आणि मुलांनी पाहावे असेच ते आहे. पण तेवढ्या लांब जाणे जमले नाही, तर नागपूरकडे जाताना हिंगणघाटला उतरून लॅम्बटनची कबर जरूर पाहावी. सोबत मुले असतील तर त्यांना त्या दिव्यांची गोष्टही सांगावी, आणि सरकी आपल्याच शेतातली होती, हेही सांगायला विसरू नये.